मदत हवी आहे : टेंडरमधलं संगनमत पकडणारं एआय मॉडेल, पण प्रामाणिक ठेकेदार त्यात अडकू नयेत

नमस्कार मंडळी, डेटावाले आणि कायदावाले दोघांचीही मदत हवीये. आमच्या टीमकडे रस्तेबांधणीच्या जुन्या टेंडरांचा डेटा आहे, कुणी किती बोली लावली, काम कुणाला मिळालं, तारीख, बस एवढंच. त्यावरून ठेकेदारांनी आधीच आपसात ठरवून टेंडर भरलंय का हे ओळखणारं मॉडेल बनवायचंय, आणि पुढे ते स्पर्धा कायदा राबवणाऱ्या खात्याच्या हातात जाणार आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मूळ कल्पना मला पटलेली आहे. रिंग, म्हणजे आपसात ठरवून टेंडर भरणारी टोळी, असली की ज्याला काम द्यायचं ठरलंय तो एक आकडा टाकतो आणि बाकीचे नुसते दाखवायला त्याच्या वर भरतात, त्यामुळे हरलेल्या बोल्या एकमेकींना चिकटून असतात आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर मात्र जरा जास्तच असतं. स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात डांबरी रस्त्यांच्या कामात 1999 ते 2005 असं कार्टेल (म्हणजे अशीच कंपन्यांची रिंग) चाललं होतं, तिथल्या बोल्यांमध्ये अगदी हेच दिसलं. 2019 मध्ये हुबर आणि इमहॉफ यांनी असेच निकष मशीन लर्निंगला देऊन स्विस टेंडरांपैकी साधारण 84 टक्के बरोबर ओळखली.

आता अडचण इथे आहे. समजा मॉडेल दोन्ही बाजूंना 84 टक्के बरोबर आहे आणि 1000 टेंडरांपैकी 50 मध्येच खरं संगनमत आहे. मग 42 सापडतील, छान, पण उरलेल्या 950 पैकी 152 प्रामाणिक टेंडरांवरही लाल खूण पडेल! म्हणजे खुणेच्या 194 पैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी काहीच केलेलं नाही. एखाद्या लहान ठेकेदाराच्या नावापुढे अशी खूण बसली आणि ती बाहेर फुटली तर त्याला पुढची कामं कोण देणार? आणि बोल्या जवळजवळ येण्याला साधी कारणंही असतात ना, अंदाजित किंमत आधीच जाहीर असली, डांबर सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतलं, तर आकडे सारखे येणारच.

दुसरं म्हणजे लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवताना प्रत्येक टेंडरवर लावायची 'संगनमत' किंवा 'स्वच्छ' अशी चिठ्ठी. 'संगनमत' हे लेबल फक्त पकडल्या गेलेल्या केसेसना मिळतं, न पकडलेली सगळी टेंडरं 'स्वच्छ' धरायची का? मला हे अजिबात पटत नाहीये पण दुसरा मार्गही दिसत नाही. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद 1
मी तपासाच्या बाजूने सांगतो. मॉडेलने दिलेला स्कोअर हा पुरावा नाहीच, कुठली फाइल आधी उघडायची एवढंच त्यावरून ठरवा. दक्षिण कोरियाचा स्पर्धा आयोग 2006 पासून टेंडरांना असे गुण देतो, पण त्यानंतर माणूस बसून बघतोच. स्वित्झर्लंडमध्ये सी-गास्टर भागातली चौकशी 2013 मध्ये आकडेवारीवरूनच सुरू झाली, दंड मात्र 2016 मध्ये, छापे-कागदपत्रं सगळं झाल्यावर. तुम्ही एकाच टेंडरवरून खूणच करू नका, तेच ठेकेदार वर्षानुवर्षं पाळीपाळीने जिंकतायत का, हरलेल्यालाच नंतर सबकॉन्ट्रॅक्ट मिळतंय का ते बघा. आणि मूळ फायली मिळाल्या तर फारच बरं, दोन 'स्पर्धकांच्या' कागदात स्पेलिंगची एकच चूक असणं किंवा दोन्ही फायली एकाच कॉम्प्युटरवर बनलेल्या असणं, हे वकिलाला लगेच कळतं, व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते, समजावत बसावं लागत नाही.

प्रतिसाद 2
लेबलबद्दल. टिचिनोचा डेटा एवढा उपयोगी पडला कारण त्यात कार्टेल चालू असतानाचा आणि मोडल्यानंतरचा असे दोन्ही काळ मिळतात, कंपन्या त्याच, कामही तेच. तुमच्याकडे अशी एखादी मोडलेली रिंग असेल तर तिच्या आधीचा-नंतरचा काळ घ्या, आणि ज्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही त्यांना 'स्वच्छ' नाही, 'अज्ञात' म्हणा.

टेस्टिंग करताना टेंडरं रँडम वाटू नका, नाहीतर एकाच कार्टेलची काही टेंडरं ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये जातील आणि आकडे उगाच भारी दिसतील. एक अख्खं कार्टेल बाजूला ठेवून त्यावर तपासा. स्वित्झर्लंडवर शिकवलेलं मॉडेल जपानमधल्या ओकिनावाच्या टेंडरांवर लावलं तेव्हा कामगिरी घसरली होती, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणचं तयार मॉडेल उचलून लावायचा विचार असेल तर सोडा.

अजून एक, रिंगमध्ये सगळेच नसतात, बाहेरचा एखादा प्रामाणिक बोली लावतो आणि पूर्ण टेंडरची सरासरी बिघडते. म्हणून तीन-तीन बोल्यांचे गट करून प्रत्येक गटावर निकष मोजतात. 10 बोल्या असतील तर 120 गट होतात, कॉम्प्युटरला काहीच नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार, 'अज्ञात'वालं लगेच करतोय. आमच्याकडे मोडलेली रिंग एकच आहे, त्यामुळे अख्खं कार्टेल बाजूला ठेवलं तर शिकवायला काहीच उरत नाही. अशा वेळी मशीन लर्निंग सोडून नुसते दोन-तीन निकष आणि पाळीपाळीचा पॅटर्न एवढ्यावरच फायलींचा क्रम लावावा का? आणि लाल खूण पडलेल्यांची यादी खात्यात किती जणांना दिसावी, याचा काही नियम कुठे लिहून ठेवलेला असतो का, की तो आपणच आधी मागून घ्यायचा? तपासाच्या बाजूच्यांनी यावर जरूर लिहा.