मदत हवी आहे: डोक्याला मार, सीटी स्कॅन नॉर्मल, तरी त्रास चालूच

धाकटी बहीण जिन्यावरून पडली, डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी कन्कशन (डोकं आपटून मेंदूला बसलेला धक्का) सांगितलं. रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर असेल तर स्कॅनमध्ये दिसतं. कन्कशनमध्ये मेंदूचं काम बिघडतं, ते त्यात दिसत नाही, हे आता कळलंय. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावणार कोण? 'रिपोर्ट तर चांगला आहे ना, मग उठ की!' हे ऐकून ऐकून ती रडकुंडीला येते.

बहुतेक मोठी माणसं दोन ते चार आठवड्यांत बरी होतात म्हणे. तो काळ कधीच उलटून गेलाय. मोबाईलवर बोट फिरवत वर-खाली केलं की मळमळतं, दोघं एकदम बोलायला लागले की कपाळ धरून बसते. वाक्य अर्ध्यात विसरते आणि मग स्वतःवरच चिडते. (मुळात ती घरातली सगळ्यात शांत!)

अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस पडून राहू नका, पहिले 24 ते 48 तास विश्रांती आणि मग हळूहळू चालणं वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. चालते, पण एखादा दिवस बरा गेला की जास्तीचं काम ओढून घेते आणि दुसऱ्या दिवशी आडवी.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? चक्करेसाठी व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपीचा (तोल सावरायच्या व्यायामांचा) फरक पडला का? ऑफिसला अर्धा वेळ कसा मागितलात? आणि चिडचिडीच्या वेळी घरच्यांनी नक्की काय करावं? औषधं सुचवू नका, ती डॉक्टर बघताहेत.