मदत हवी आहे: सोडतीने टीम आणि कामं कशी वाटावीत?

सोलापुरात युनिफॉर्म शिवायच्या युनिटमध्ये प्रयोग करतेय: चुकांचा आकडा रोज फळ्यावर लिहिला तर परत येणारे नग घटतात का? 40 जणी, चौघींच्या 10 टीम. 5 टीमना फळा, 5 ना नाही. प्रत्येकीत एक प्रमुख, एक चेकिंगला, दोघी मशीनवर. चिठ्ठ्या काढल्या, तर मैत्रिणींनी टेबलाखाली अदलाबदल केली! मग एक्सेलमध्ये रँड (कुठलेही आकडे आपोआप देणारं सूत्र) वापरलं, आकडे पुन्हा फिरू नयेत म्हणून व्हॅल्यू पेस्ट केल्या. पण 10 जुन्या कारागिरांपैकी चौघी एकाच टीमला आल्या. मनासारखं येईपर्यंत सोडत काढणं मला पटत नाही. शिफ्ट एकच, मशीन सगळ्यांना येतं. आधी प्रत्येक टीमला सोडतीने एक जुनी देऊन मग उरलेल्या वाटाव्यात का? आणि प्रमुख चौघींतून सोडतीने काढावी, की जुनीलाच करावं?