जेन कॉनला कलाकार म्हणून कोणी गेलंय का?

मंडळी, मदत हवी आहे. भाचा शिकागोत इम्प्रोव्ह (आयत्या वेळी सुचेल तसं नाटक) करतो. त्याला इंडियानापोलिसच्या जेन कॉन या खेळांच्या मोठ्या मेळाव्यात प्रेक्षकांसमोर डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळवायचंय. १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात सुरू झालेली ही जत्रा आता गुरुवार ते रविवार चालते. छोट्या कन्व्हेन्शनमध्येच खेळातल्या बुटक्याचा घोगरा आवाज काढून त्याचा घसा पहिल्या संध्याकाळी बसतो, मग नुसते फासे टाकायचे आणि हातवारे करायचे (घरचे खूश!). इथे चार दिवस कसे निभावणार? मानधनाचं कोणी धड सांगत नाही. गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, फुकट मिळतो का? हॉटेल किती आधी धरावं? सह्या-फोटोंचे पैसे कलाकार स्वतः घेतात की आयोजक? घशासाठी ज्येष्ठमध सोडून काही असेल तर तेही सांगा, तो खाऊन झालाय.