मराठी लिहिणार असाल तर ६०% कीबोर्ड घेऊ नका

शब्दवेल्हाळ
दिवसा इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) मराठी लिखाण, रात्री काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा गेम, आणि दोन्हींसाठी एकच छोटा मेकॅनिकल कीबोर्ड. असं कुणी म्हटलं की सरसकट ६०%, म्हणजे नंबरपॅड, बाण वगैरे वगळलेला आखूड कीबोर्ड, सुचवला जातो. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो.

त्या ६१ बटणांत बाण नाहीत, डिलीट नाही. जे हवं ते एफएन (दुसऱ्या बटणाचं काम बदलणारं बटण) दाबून. इंग्रजीत चालत असेल, पण राहून गेलेला अनुस्वार द्यायचा तर कर्सर नेमका त्या अक्षरापुढे न्यावा लागतो, आणि मात्रा-वेलांट्यांच्या गर्दीत माउसने तो धड बसत नाही. शिवाय बहुतेक एडिटरांत बॅकस्पेस शेवटचं चिन्ह तेवढं खोडतो. डिलीट पुढचं अक्षर मात्रेसकट उडवतो. दोन्हींची कामं वेगळी, दोन्ही हाताशी हवीत.

आणि हे सोडून मिळतं काय? एका बटणाची जागा १९.०५ मिमी. ६०% ची रुंदी १५ बटणं, बाण असलेल्या ६५% ची १६, नंबरपॅड नसलेल्या टीकेएलची सव्वाअठरा. माउसला खरी जागा मिळते ती टीकेएलवरून ६५% वर येताना, जवळजवळ ४३ मिमी. पुढच्या १९ मिमीसाठी बाण देऊन टाकायचे?

क्लच_किंवा_किक
असहमत. माउसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवून कोपरापासून हात फिरवणाऱ्याला ते १९ मिमी जाणवतात. झपकन माउस फिरवताना तो कीबोर्डच्या कडेला आपटला की राउंड गेला.

इन्स्क्रिप्टचं म्हणाल तर ६०% वर ते पूर्ण बसतं. शिफ्ट आणि २ वर ॅ, शिफ्ट आणि ७ वर क्ष, बरोबरच्या चिन्हावर ृ, बॅकस्लॅशवर ॉ. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एक बटण एस्केपला जातं, पण तिथे इन्स्क्रिप्टमध्ये दाक्षिणात्य भाषांचा ऱ्हस्व ओ असतो, तो मराठीला लागत नाही. अडचण ४०% ची आहे, कारण अंकांची रांगच नसते. बाण हवेत तर क्यूएमके (बटणांची कामं हवी तशी बदलू देणारी प्रणाली) चालणारा बोर्ड घ्या आणि उजवा शिफ्ट नुसता टिचकावला की वरचा बाण, असं लावून टाका.

शब्दवेल्हाळ
उजवा शिफ्ट तर मुळीच नको! अ, आ, इ, ई, उ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टने येतात, म्हणजे उजवा शिफ्ट सतत कामात. वेगात लिहिताना तो क्षणभर आधी सुटला की कर्सर वरच्या ओळीत जातो आणि पुढचा शब्द तिथे उमटतो.

क्लच_किंवा_किक
मग ६५% वर काय वेगळं होतं? तिथे वरच्या बाणाला जागा द्यायला तोच शिफ्ट पावणेतीन बटणांवरून पावणेदोनवर येतो. करंगळी घसरली की बाणावरच. तुम्ही स्वतःच्याच मुद्द्यात अडकलात.

शब्दवेल्हाळ
आखडतो तो उजव्या टोकाने. करंगळी जिथे पडते ती डावी कड जागची हलत नाही.

तपकिरी_स्विच
तुम्ही दोघं मापावर भांडताय, पण हाताला दिवसभर जाणवतो तो स्विच, म्हणजे प्रत्येक बटणाखालचा खटका. वूटिंग ६०एचई सारखे हॉल इफेक्ट (बटण किती दाबलं हे चुंबकाने ओळखणारे) बोर्ड गेमर घेतात, कारण बटण कितव्या मिलिमीटरला लागू व्हावं हे ०.१ पासून ४ पर्यंत ठरवता येतं, आणि रॅपिड ट्रिगरमुळे बोट किंचित उचललं की बटण सुटतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता थबकून नेम धरायला हा फायदा खरा आहे. (हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी घातली ती स्नॅप टॅपसारख्या आपोआप दिशा बदलणाऱ्या सोयींवर. रॅपिड ट्रिगर चालतो.)

पण हे चुंबकीय स्विच बहुतेक सरळ खाली जाणारे, मध्ये ठेच नाही. मी लिखाणाला मध्ये हलकी ठेच असलेला एमएक्स ब्राउनच घेईन. बटण लागल्याचं बोटाला कळतं, आणि ब्लूसारखा टकटकाट नसल्याने रात्री घरच्यांची झोपमोड होत नाही.

क्लच_किंवा_किक
हॉल इफेक्टवर दोन प्रोफाइल ठेवा: खेळायला ०.२, लिहायला २ मिमी. प्रश्न मिटला.

आणि बाणांवर शेवटचं सांगतो. जपानचा हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ मध्ये बाणांविना आला, आणि प्रोग्रामर आजही त्याच मांडणीवर जीव लावून आहेत. कॅप्स लॉकला एफएन करा, आय-जे-के-एलवर बाण ठेवा. मनगट उचलून कोपऱ्यातल्या बाणांकडे जाण्यापेक्षा हे जलद आहे. हाताला वळण लागू द्या, मग बोला.

शब्दवेल्हाळ
एक-एक अक्षर सरकायला जलद असेल, हे मान्य. पण मजकूर तपासताना मी अख्खे शब्द निवडत जातो. त्याला कंट्रोल, शिफ्ट आणि बाण लागतात. तुमच्या मांडणीत चौथं बटण वाढतं, आणि कॅप्स, शिफ्ट, कंट्रोल ही तिन्ही एकाच डाव्या हाताच्या कडेला. वीस पानांचं मुद्रितशोधन त्या करंगळीवर टाकायची माझी तयारी नाही. मी ६५% घेतोय, ब्राउन स्विचचा.