मदत हवी आहे: चेतकच्या साईड पॅनलवर स्प्रे मारला की कडेनं सुरकुत्या येतात

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात राहतो. वडिलांची १९९८ ची चेतक आहे, तिचं इंजिनकडचं साईड पॅनल घरीच रंगवायला घेतलंय. दोनदा रंग मारला, दोन्ही वेळा फसला. तिसऱ्यांदा हात लावायच्या आधी जाणकारांना विचारतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण नेमकं कुठं चुकतंय ते मला कळेना झालंय.

आधी गाडीचं थोडं सांगायला हवं. २०१९ च्या पुरात स्कूटर अंगणातच राहिली. माणसं, कागदपत्रं, गॅसची शेगडी माडीवर नेईपर्यंत पाणी आत आलं होतं. ओसरल्यावर गाळातून ओढून काढली तेव्हा सीटपर्यंत चिखल होता. मिस्त्रीनं इंजिन उघडून साफ केलं, गाडी सुरू झाली. पण दिवाळीपर्यंत पत्र्याला जागोजाग गंजाचे फोड आले. तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तारेचा ब्रश घेऊन सगळी गाडी घासली आणि दाराखिडक्यांना लावतात तो मरून ऑइलपेंट आणून हातानंच रंगवली. तो रंग आजही आहे. उन्हात तिरकं बघितलं की ब्रशच्या रेघा दिसतात, आणि पॅनलच्या वरच्या वळणावर ब्रशचा एक केस रंगात तसाच चिकटलेला आहे.

मूळ रंग फिकट हिरवा, आरसीवरही हिरवाच लिहिलेला आहे. पॅनलच्या आतल्या बाजूला तो अजून शाबूत आहे. मला तोच परत आणायचाय. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होते, निवृत्त होईपर्यंत रोज याच गाडीवरून गेले. आता गुडघ्यांमुळे चालवत नाहीत, पण सकाळी अंघोळीआधी गाडीवर फडका मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा हिरव्या रंगात व्हावी एवढीच इच्छा आहे. दोन ठिकाणी विचारलं, दोघंही म्हणाले की एकटं पॅनल घेत नाही, अख्खी गाडी द्या. तेवढं बजेट आत्ता नाही. पॅनल सुटं निघतं, म्हणून म्हटलं आधी त्याच्यावर हात बसवू.

केलं ते असं. पॅनल काढून आतला काळा तेलकट थर रॉकेलनं धुतला, मग साबणानं. खालची कड गंजली होती, तिथला रंग १२० च्या पेपरनं पत्र्यापर्यंत घासला. बाकीचा मरून ४०० नं नुसता खरखरीत केला. गंजाच्या खड्ड्यांत हार्डनरची लांबी (पुट्टी) भरली, वाळल्यावर वॉटर पेपरनं पाणी लावून सपाट केली. मग स्प्रे कॅनचा ग्रे प्रायमर, दुसऱ्या दिवशी हिरवा.

हिरवा मारून पाच मिनिटं झाली नसतील, उघड्या पत्र्याच्या भोवती सुरकुत्यांचं कडं उठलं. दुधावरची साय फुंकर मारल्यावर जशी गोळा होते, अगदी तसं. गंमत म्हणजे मधे लांबीवर रंग छान बसला होता आणि लांबच्या मरूनवरही ठीक होता. फक्त ते कडं. आठवडाभर वाळू दिलं, कडं घासून काढलं, दुसऱ्यांदा अगदी पातळ हात मारले. पुन्हा तेच, फक्त कडं आधीपेक्षा बोटभर बाहेर.

शिवाय दुसऱ्या वेळी रंगावर दुधाळ झाक आली (बाहेर रिमझिम होती, मी पडवीत मारत होतो). आणि वरच्या वळणावर मोहरीएवढे खळगे पडले, रंग तिथून मागं सरल्यासारखा.

कॅन खराब आहे का? सगळा रंग काढावाच लागेल का? मावसभावाकडे कॉम्प्रेसर आहे, तो म्हणतो कॅन सोड, हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू. ते पडवीत जमेल का?

प्रतिसाद

भावा, मी कुपवाडला पेंटिंगचं काम करतो. तुझा कॅन चांगला आहे. हे तीन वेगळे रोग आहेत, एकाच औषधानं जाणार नाहीत.

सुरकुत्या ऑइलपेंटमुळे. तो वरून कातडी धरतो, पण वर्षं झाली तरी जहाल थिनर लागलं की फुगतो. वरून कातडीतून आत शिरायला थिनरला वेळ लागतो, म्हणून लांबचा मरून वाचला. पण तू जिथं घासून कड उघडी केलीस तिथं थिनर थराच्या पोटात शिरतं आणि रंग उचलतं. दुसऱ्यांदा घासलंस तेव्हा उघडी कड बाहेर सरकली, म्हणून कडंही बाहेर सरकलं. कितीदाही घास, मरून शिल्लक आहे तोवर हेच होणार.

खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये (नायट्रोसेल्युलोज रंगाचं जहाल थिनर) बुडव आणि मरूनवर अर्धा मिनिट दाबून धर. सुरकुतला तर ऑइलपेंट. नुसता विरघळून बोळ्याला लागला तर एनसी. काहीच झालं नाही तर भट्टीचा (कारखान्यात भाजून पक्का केलेला) किंवा हार्डनरचा रंग.

दुधाळ झाक पावसाची. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. रिमझिम चालू असताना रंग मारूच नकोस. कोरडं ऊन पडलं की दहाच्या पुढं, पण सावलीत मार. वीतभर लांबून, दर दोन हातांमध्ये दहा मिनिटं सोडून.

खळग्यांना आम्ही डोळे म्हणतो. तेल किंवा सिलिकॉन असलं की रंग तिथून पळतो. गाडीला कुणी चमकायचं पॉलिश लावतं का ते बघ. आणि तेल पेपर मारायच्या आधीच पुसून काढायचं. आधी घासलंस तर तेल ओरखड्यांत दाबून बसतं.

न विचारलेलं एक सांगतो. लांबीवर पाणी घालू नकोस. ती पाणी पिते, ते आत कोंडतं आणि वर्षभरात खालून गंजाचा फोड येतो. कोरडीच घास, धूळ उडते म्हणून तोंड बांध. उघडा पत्रा पावसाळ्यात रात्रभरही ठेवायचा नाही, घासला त्याच दिवशी प्रायमर.

पीयू पडवीत अजिबात नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, साध्या मास्कनं अडत नाही. एकदा त्याचा दमा धरला की पुढं थोड्या वाफेनंही धाप लागते. आमच्या धंद्यात अशी माणसं आहेत. घरात वडीलधारी माणसं आहेत म्हणतोस, तर हा विषयच सोड.

मूळ लेखक

दादा, मनापासून आभार. कडं बाहेर का सरकलं हे वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

डोळ्यांचंही कळलं. अण्णा ज्या फडक्यानं गाडी पुसतात त्याच्यावर सीट चमकवायचा स्प्रे मारतात, आणि हात सगळ्यात जास्त फिरतो तो वरच्या वळणावर. फडका बदलला, स्प्रे माडीवर ठेवलाय.

काल बोळ्याची परीक्षा केली. वीस सेकंदांत मरून सुरकुतला. प्लॅस्टिकच्या उलथन्यानं ढकलला तर सालीसारखा निघून आला, आणि खाली मूळ हिरवा! त्याच्यावर तोच बोळा मिनिटभर धरला, काही झालं नाही. मग तळहाताएवढी जागा मोकळी केली. अण्णांच्या तारेच्या ब्रशचे ओरखडे आहेत, पण रंग धरून आहे. अण्णांना हाक मारली. चष्मा न लावताच आले, अंगठा फिरवून म्हणाले, "हा गेला नव्हता होय."

आता प्रश्न बदलला. पेंट रिमूव्हर लावून सगळंच पत्र्यापर्यंत काढू, की मूळ हिरवा ठेवून त्याच्यावर रंग मारू?

प्रतिसाद

ठेव. भट्टीच्या रंगाइतका चांगला पाया तुला घरी बनवता येणार नाही. रिमूव्हर लावलास तर तोही जाईल. मरून बोळ्यानं आणि उलथन्यानंच थोडा थोडा काढ, हातमोजे घाल, दार उघडं ठेव, जवळपास शेगडी नको. हिरव्यावर ६०० चा पेपर मार, ओरखडे खोल असतील तिथं आधी ४००. गंजलेल्या कडेला गंज खाणारं फॉस्फोरिकचं द्रावण लाव, धुऊन लगेच वाळव, मग प्रायमर, मग लांबी. जुनी भिजवलेली लांबी काढून टाक. शेडसाठी पॅनलच घेऊन दुकानात जा आणि आतली बाजू दाखव, बाहेरचा हिरवा उन्हानं उतरलेला असतो.

खंडेनवमीपर्यंत उघडीप मिळाली नाही तर घाई करू नकोस. मरून उतरवून पॅनल आहे तसं बसव आणि हार घाल. रंग दिवाळीच्या सुट्टीत मार, तेव्हा हवा कोरडी असते.