शेपर्डचं पिल्लू साडेपाच महिन्यांचं, बरगड्या हाताला लागतात. खाणं वाढवू का?

मृण्मयी_कर्वेनगर

आमचा भैरू जर्मन शेपर्ड, नर, साडेपाच महिन्यांचा. रविवारी डॉक्टरांकडच्या काट्यावर १९.४ किलो भरला. दिवाळीत चांगला गुटगुटीत होता, आता नुसते पाय लांब झालेत. पुट्ठे खांद्यांपेक्षा उंच दिसतात, पंजे अंगाच्या मानाने फारच मोठे, आणि डावा कान छान उभा राहिला होता तो पुन्हा पडलाय. आंघोळ घातली की बरगड्या कळतात.

मोठ्या जातीच्या पिल्लांचं कोरडं खाद्य तीन वेळा देते, पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे मोजून. शिवाय सासूबाई सकाळी तूप लावलेली अर्धी पोळी देतात. शी व्यवस्थित, जंतांचं औषध वेळच्या वेळी, खेळायला कायम तयार.

वेताळ टेकडीवर रोज कुणी ना कुणी म्हणतंच, "अहो, याला खायला घालता की नाही?" ज्यांच्याकडून आणला ते कॅल्शियमचं सिरप आणि रोज दोन अंडी सांगताहेत. सासूबाईंचं म्हणणं वरण-भात सुरू करा. मला खरंच काळजी वाटते आहे. शेपर्ड या वयात असाच दिसतो, की आमचंच काही कमी पडतंय?

अजून एक. परवापासून झोपेतून उठला की पुढचा उजवा पाय जपून टाकतो. थोडं चालला की मोकळा होतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, घरात गुळगुळीत टाइल्स.

राजाचे_बाबा

शेपर्ड भारदस्तच दिसला पाहिजे. आमच्या लॅबला, म्हणजे लॅब्राडोरला, या वयात दोन्ही वेळा चिकन-भात आणि कॅल्शियमचं सिरप दिलं, मस्त भरला होता. हाडं मजबूत व्हायची तर कॅल्शियम हवंच. बिनधास्त वाढवा.

जुना_कोथरूडकर

मृण्मयीताई, आधी पायाचं. लंगडणं दोन दिवसांवर गेलंय, तर या आठवड्यातच दाखवून घ्या आणि एक्स-रे काढायला सांगा. शेपर्डच्या नरांमध्ये या वयात पॅनोस्टिआयटिस बराच दिसतो. लांब हाडांच्या आत दुखतं, आज या पायात तर पंधरवड्याने दुसऱ्या, आणि वय वाढलं की आपोआप थांबतं. पण कोपराच्या सांध्याचा दोषही याच जातीत असतो आणि सुरुवातीला तोही असाच दिसतो. बाहेरून पाहून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. तोवर घरातली माणसांची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका. आयब्रुफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला फार घातक असतं.

आता वजन. साडेपाच महिन्यांच्या नराला साडेएकोणीस किलो अगदी योग्य आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण ३० ते ४० किलोंचा होतो, आणि तिथे पोचायला त्याच्याकडे अजून वर्षभर आहे. आकड्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. स्वतःच्या हाताचा पंजा सपाट पसरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा. बोटांच्या गाठी लागतात, पण वर काढलेल्या नसतात. भैरूच्या बरगड्या तशा लागल्या तर तो उत्तम आहे. मूठ आवळल्यावर गाठी जशा टोचतात तशा लागल्या तर बारीक, आणि तळहातासारखं मऊ लागलं तर जाड. वरून पाहिल्यावर कमर आत गेलेली, बाजूने पाहिल्यावर पोट छातीपेक्षा वर चढलेलं, एवढं दिसलं की टेकडीवरच्या लोकांना नमस्कार करून पुढे चालायचं. आपल्याकडे लठ्ठ लॅब इतके दिसतात की बांधेसूद कुत्रंच लोकांना आजारी वाटायला लागलंय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे मी हौसेने सांगत नाही. कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने ४८ लॅब्राडोरवर आयुष्यभर चालवलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, तेही पिल्लू असल्यापासून. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्याचं ११.२. खुब्याचा संधिवातही त्यांना उशिरा आणि कमी झाला. खुब्याच्या दुखण्याने मागचे पाय ओढत चालणारा म्हातारा शेपर्ड मी घरात सांभाळलाय. म्हणून पिल्लाला लवकर भरवण्याची घाई कुणी केली की मला राहवत नाही.

राजाचे बाबा, तुमचा राजा ठणठणीत आहे याचा आनंदच आहे, पण सिरपबद्दल मी ठाम विरोधात आहे. पूर्ण वाढलेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून कमी घेतं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ते नाकारू शकत नाही, घालाल तेवढं बरंचसं शोषून घेतं. मग हाडं आणि कूर्चा वेड्यावाकड्या वाढतात. ग्रेट डेनच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलंय. म्हणूनच अमेरिकेतल्या मानकांत मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची वरची मर्यादा १.८ टक्के ठेवली आहे, बाकीच्या कुत्र्यांना २.५ चालतं. भैरूचं खाद्य या हिशोबाने बनवलेलं आहे. वर सिरप घातलं की तो हिशोबच मोडला.

उलट बाजूही आहे. नुसत्या चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम खरंच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. हाडं इतकी पातळ होतात की सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. घरचं द्यायचं असेल तर कॅल्शियम हवंच, पण वजनानुसार मोजून, आहारातलं कळणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन. अर्धं पिशवीचं, अर्धं वरण-भात, वर चमचाभर सिरप, यात नक्की किती जातंय ते कुणालाच सांगता येणार नाही.

सासूबाईंची पोळी बंद करू नका, त्यांचा जीव आहे त्याच्यात. तूप न लावता चतकोर द्या आणि तेवढं खाद्य कमी करा. वरचं खाणं दिवसाच्या एक दशांशाच्या आत राहिलं की झालं.

कान आणि पुट्ठे यांची काळजी सोडा. पक्के दात येतात त्या काळात शेपर्डचे कान उभे राहतात, पडतात, एक उभा एक आडवा होतो. मागचं पुढचं एकदम वाढत नाही, म्हणून कधी पुट्ठे वर, कधी पुढचा भाग.

टाइल्सवर मात्र आजच काहीतरी अंथरा. रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी, कशीही दिसली तरी चालेल. पंजांमधले केस कापा.

सोलापूरची_पोर

विषयाला धरूनच एक. आमच्याकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे, गावाकडून आणलेला, आता बाणेरला असतो. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं कायम दिसतात आणि दिसलीच पाहिजेत, धावणारं कुत्रं आहे ते. सोसायटीत लोक त्याला बिस्किटं घालतात, मी हात जोडून थांबवते. पण हेच शेपर्डमध्ये दिसलं तर मी डॉक्टर गाठेन. जात पाहून ठरवायचं असतं, टेकडीवरच्या शेजारच्या कुत्र्याकडे पाहून नाही.

मृण्मयी_कर्वेनगर

एक्स-रे झाला. पॅनोस्टिआयटिसच आहे, दंडाच्या हाडात. कोपर दोन्ही स्वच्छ. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलंय, त्रास होईल तेवढे दिवसच द्यायचं. वजन बघून म्हणाले, "एक ग्रॅमही वाढवू नका." सासूबाई माझ्यासोबत होत्या, त्यांनी स्वतः ऐकलं, ते फार बरं झालं. सिरप आणलेलंच नाही.

जिन्याचं काय करू? उचलून नेणं आता मला जमत नाही. आणि नसबंदी सहाव्या महिन्यात करायची का?

जुना_कोथरूडकर

कोपर स्वच्छ, हे वाचून जिवात जीव आला.

जिन्याचा धोका तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना असतो. नॉर्वेत मोठ्या जातींवर झालेल्या अभ्यासात त्या वयात रोज जिना चढणाऱ्यांमध्ये खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्यांमध्ये कमी. भैरू त्या वयापुढे गेलाय. पट्टा आखूड धरून सावकाश उतरवा, उड्या मारू देऊ नका, लंगडत असेल त्या दिवशी फेऱ्या कमी करा. टेकडीची माती त्याला चांगलीच आहे. डांबरावर सायकलमागे पळवणं मात्र दीड वर्षाचा होईपर्यंत नको.

नसबंदीची घाई करू नका. वर्षाच्या आत केलेल्या शेपर्डमध्ये सांध्यांचे त्रास जास्त आढळलेत. हाडांची वाढ पूर्ण होऊन त्यांची टोकं बंद झाल्यावर करू का, असं डॉक्टरांना विचारा.

पुढचं वजन पंधरा दिवसांनी इथेच लिहा. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वाढला तर काहीच बदलायचं नाही.