खासगी पार्किंगमधली दिव्यांगांची राखीव जागा आणि १०० पौंडांची नोटीस

प्रश्न : इंद्रायणीकाठ

आम्ही इंग्लंडमध्ये स्लावजवळ राहतो. माझ्या सासूबाईंना संधिवातामुळे चार पावलांच्या पुढे चालवत नाही. घराबाहेर पडायचे तर चाकांची खुर्ची लागते आणि कौन्सिलने त्यांच्या नावे ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांगांना गाडी उभी करण्यासाठीचा परवाना, दिलेला आहे. गेल्या महिन्यात त्यांना घेऊन आमची गाडी एका रिटेल पार्कमध्ये गेली होती. गाडी दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेत उभी होती, बॅज डॅशबोर्डवर ठेवलेला होता, आणि परत आल्यावर काचेवर कोणताही कागद लावलेला नव्हता. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, गाडी ज्यांच्या नावावर नोंदलेली आहे त्या माझ्या यजमानांना पोस्टाने नोटीस आली. ‘वैध बॅज स्पष्टपणे न दाखवता राखीव जागेचा वापर केला’ असा ठपका ठेवून १०० पौंड मागितले आहेत, चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड. सोबतच्या छायाचित्रात काचेवर आभाळाचे प्रतिबिंब इतके पडले आहे की डॅशबोर्डच्या ज्या कोपऱ्यात बॅज होता, तो कोपराच दिसत नाही.

सासूबाई म्हणतात, “भरून टाका, माझ्यापायी तुम्हाला ताप नको.” पैशांपेक्षा मला हेच अधिक लागले आहे. ओळखीतले काही जण सांगतात की खासगी कंपनीच्या अशा पत्राकडे सरळ दुर्लक्ष करावे. हे खरे आहे का? आणि लढायचे ठरवले, तर नेमक्या कोणत्या मुद्द्यावर लढावे?

उत्तर : तिफण

ताई, दुर्लक्ष मुळीच करू नका. तो सल्ला जुन्या काळातला आहे. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२ या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार, गाडी कोण चालवत होते हे कंपनीला ठाऊक नसले तरी काही अटी पाळून ती इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून, म्हणजे तुमच्या बाबतीत यजमानांकडून, रक्कम वसूल करू शकते. मात्र ही नोटीस कौन्सिलच्या किंवा पोलिसांच्या दंडासारखी नाही. पार्किंगच्या फलकावरच्या अटी म्हणजे करार आणि तो मोडला म्हणून ही मागणी, असे तिचे स्वरूप आहे. त्यामुळे न्यायालयाने निकाल दिल्याशिवाय तुमच्याकडून कोणी बळजबरीने काही घेऊ शकत नाही.

आता त्या अटींकडे नीट पाहा, कारण तुमच्या प्रकरणात त्या महत्त्वाच्या ठरतील असे दिसते. काचेवर नोटीस लावली नसेल, तर गाडी उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवसांच्या आत नोटीस कीपरच्या हाती पडली पाहिजे, आणि टपालाने धाडलेली नोटीस दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असे कायदा गृहीत धरतो. म्हणून पत्रावरची तारीख आणि पाकीट दोन्ही जपून ठेवा. नोटीस मुदतीनंतर आली असेल तर मागणी आपोआप रद्द होत नाही, पण कीपरला जबाबदार धरण्याचा हक्क कंपनी गमावते आणि तिच्या हाती फक्त चालक उरतो. चालक कोण होते हे तुम्ही इथे लिहिलेले नाही, तेच योग्य आहे. कंपनीला लिहितानाही ‘गाडीच्या चालकाने’ असेच शब्द वापरा. चालकाचे नाव सांगण्याचे बंधन कीपरवर नाही. सासूबाई गाडीत होत्या हे मात्र निःसंकोच लिहा.

पहिले अपील कंपनीकडेच करावे लागते आणि ते २८ दिवसांच्या आत पोचले पाहिजे. त्याला बॅजच्या दोन्ही बाजूंची प्रत आणि त्या दिवशीच्या खरेदीची पावती जोडा. कंपनीने नकार दिला, तर ती ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सदस्य असल्यास पोप्ला या स्वतंत्र अपील सेवेकडे, आणि इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीची सदस्य असल्यास इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे जाता येते. पोप्लाला शुल्क लागत नाही आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो.

उत्तर : गारगोटी

तिफण यांनी मुदतीचा मुद्दा अचूक सांगितला आहे. पण माझ्या मते अपिलाचा कणा तो नसावा. तो अवश्य मांडावा, पण दुसऱ्या क्रमांकावर. मुदत चुकली म्हणून सुटलो, एवढ्यावर हा विषय संपला तर उद्या त्याच जागी दुसऱ्या एखाद्या आजीच्या गाडीला हीच नोटीस येईल.

ब्लू बॅजची कायदेशीर सवलत मुळात सार्वजनिक रस्त्यांसाठी आहे. खासगी पार्किंगमध्ये तो बॅज मानायचा की नाही, हे जागेचा मालक आपल्या अटींमध्ये ठरवतो. यावरून काही कंपन्या असा अर्थ काढतात की बॅज दिसला नाही म्हणजे हक्कच नाही. तो अर्थ चुकीचा आहे. तिथे सासूबाईंचे संरक्षण बॅजमधून येत नाही, ते इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मधून येते. या कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, ज्या दुखण्याचा रोजच्या हालचालींवर मोठा आणि दीर्घकालीन परिणाम होतो, ते असणारी व्यक्ती दिव्यांग ठरते. विसाव्या आणि एकोणतिसाव्या कलमांनुसार जनतेला सेवा देणाऱ्यांनी दिव्यांगांसाठी वाजवी सोयी-सवलती केल्या पाहिजेत, आणि त्याही कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता, आधीच विचार करून. राखीव जागा हीच अशी एक सोय आहे. ती जिच्यासाठी ठेवली तिनेच वापरली, तर तिच्याकडून पैसे मागण्याचे कारण काय, हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा. शिवाय १४२ व्या कलमानुसार, या कायद्याने मनाई केलेली वागणूक ज्या अटीतून घडते, ती अट तेवढ्यापुरती लागू करता येत नाही.

एक मुद्दा मात्र मांडू नका. १०० पौंड ही रक्कमच अवाजवी आहे, हा युक्तिवाद टिकणार नाही. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमधल्या ८५ पौंडांच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात निकाल दिला आणि फलक ठळक असतील, आकारणीमागे रास्त हितसंबंध असेल तर अशी रक्कम वसूल करता येते असे ठरवले. राखीव जागा मोकळ्या ठेवणे हे रास्त हित आहे, हे आपणही मान्यच केले पाहिजे. आपला मुद्दा असा की या प्रसंगी त्या हिताला कोणताही धक्का लागलेला नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. केवळ अडचण किंवा वय सांगून पोप्ला मागणी रद्द करत नाही; तिथे करार, फलक, छायाचित्र आणि नोटिशीची वैधता यांवर भर द्या. बॅज नव्हता हे त्या छायाचित्रातून सिद्ध होत नाही, एवढेच दिसते की काच चकाकत होती. तुमच्याविषयीची सगळी छायाचित्रे आणि नोंदी माहिती-संरक्षण कायद्याखाली विनामूल्य मागता येतात आणि सामान्यतः महिन्याभरात द्याव्या लागतात.

उत्तर : सह्यकडा

मी स्वतः चाकांची खुर्ची वापरतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. दोन मिनिटांत येतो म्हणून राखीव जागेत गाडी लावणारे लोक मी नेहमी पाहतो, आणि त्यामुळे मला घरी परतावे लागते. नेहमीची जागा चालत नाही, कारण दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची उभी करायला रुंदी लागते. म्हणून या जागांवर नजर ठेवणारे कोणी असावे, असे मला मनापासून वाटते. पण ती नजर आमच्याच सासूबाई-आजोबांवर वळत असेल, तर कामच उलटे झाले.

माझा अनुभव असा की सर्वांत लवकर गुण येतो तो जागेच्या मालकाकडे आणि दुकानाकडे तक्रार केल्याने. पार्किंग कंपनी त्यांच्या वतीने काम करते आणि नोटीस मागे घ्यायला ते तिला सांगू शकतात. पावती दाखवून दुकानाच्या व्यवस्थापकाला लिहा, रिटेल पार्कच्या व्यवस्थापनालाही लिहा, आणि पत्र शक्य तर सासूबाईंच्या नावाने, त्यांच्या सहीने जाऊ द्या. त्यामुळे आपल्यामुळे त्रास होतो हे त्यांच्या मनातले ओझेही उतरेल. तक्रार करण्याचा हक्क त्यांचा आहे. भेदभावाचा दावा कौंटी कोर्टात करायची वेळ आलीच, तर घटनेपासून सहा महिन्यांची मुदत असते, हेही ध्यानात असू द्या.

इंद्रायणीकाठ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. पत्र सासूबाईंच्या सहीनेच जाईल. त्यांनी स्वतः मजकूर सांगायला सुरुवातही केली आहे. एकच शंका उरते. अपील फेटाळले आणि वसुली करणाऱ्यांची पत्रे येऊ लागली तर काय करावे?

उत्तर : तिफण

वसुली कंपनीला घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलण्याचा कसलाही अधिकार नसतो. त्या पत्रांत वाढवलेली रक्कम असते, पण २०१२ च्या त्याच परिशिष्टानुसार कीपरकडून नोटिशीत नमूद केलेल्या रकमेपेक्षा अधिक मागता येत नाही. दावा दाखल करण्यापूर्वीचे औपचारिक पत्र आले, तर मात्र ३० दिवसांच्या आत उत्तर द्या. आणि न्यायालयाकडून दाव्याचा अर्ज आला तर एक दिवसही वाया घालवू नका. तो बजावल्यापासून १४ दिवसांत पोच दिली की बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. उत्तरच दिले नाही तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षे पतनोंदीत राहतो. सुनावणी झालीच तर ती साधारणपणे तुमच्या घराजवळच्या न्यायालयात, छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीने होते. तिथे सासूबाईंचे दोन पानी निवेदन, बॅजची प्रत आणि ते चकाकत्या काचेचे छायाचित्र एकत्र लावा.